गोड्या पाण्यातली कुर्ली

मृग लागला की आजोळी कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, बंद व्हायच्या. बाजारात मिळत नसत म्हणून नव्हे. आजी घेत नसे म्हणून. मामाला ते पटायचं नाही. भर पावसात तो खाडीवरून यायचा, हातात सुंभाने आवळून बांधलेल्या दोन दांडग्या कुर्ल्या, आणि पडवीत पाय धुवायच्या आधीच आतून आवाज यायचा, "पयल्या पावसाची कुर्ली आणू नको म्हणान कितीदा सांगलंय? पांचट लागता."

"आये, कुर्ली ती कुर्ली मगे. पाण्यान काय होतला?"

"पाणी गोडा झाला काय कुर्लेची गोडी जाता."

यावर मामाकडे उत्तर नसायचं. पण कुर्ल्या घरात आलेल्या असत, त्यामुळे कालवण व्हायचंच. वाटप तेच, खोबरं तसंच खरपूस भाजलेलं, बारीक पाय पाट्यावर वाटून काढलेला रसही तोच. जेवायला बसल्यावर आजी पहिला घास घ्यायची आणि काही न बोलता मामाकडे बघायची. मला त्या वयात काडीचा फरक कळत नसे. भात कालवणात बुडाला की मी खूश.

गोड्या पाण्यात गोडी जाते, हा मला तेव्हा म्हातारीचा शब्दखेळ वाटायचा. खारं नाही ते गोडं, एवढीच तर आपल्याकडे पाण्याची वाटणी. त्यात साखरेचा काय संबंध? ती शब्दशः खरं बोलत होती हे कळायला मला पंधराएक वर्षं, प्राणिशास्त्राची पदवी आणि एका कोंदट प्रयोगशाळेतले सहा महिने लागले.

आजोळ कर्लीच्या खाडीकाठी. नदीचं नाव कर्ली, जाळ्यात येणारा तो लांबडा काटेरी मासा कर्ली आणि चिखलात राहणारी ही कुर्ली. मुंबईच्या पाहुण्यांची या तिघींत हमखास फजिती होते. नदी सह्याद्रीतून निघते आणि देवबागला समुद्राला मिळते. अंतर थोडं, उतार मोठा, आणि सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात खाडीच्या मुखाशी तोंडात पाणी घेतलं तर समुद्रच: लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ. जुलैत थोडं आत, वरच्या अंगाला जाऊन तेच करा, विहिरीचं पाणी पिऊन बघितल्यासारखं वाटेल. आम्ही मुलं हे खरंच करायचो. ओरडाही खायचो.

गोव्यात दोना पावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. तिथल्या लोकांनी शेजारच्या मांडवी आणि झुवारी नद्यांचा हा पावसाळी कायापालट वर्षानुवर्षं मोजला आहे. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की खारं पाणी जड असल्यामुळे ते सगळंच्या सगळं मागे हटत नाही. भरतीबरोबर ते तळाने, पाचरीसारखं, गोड्या पाण्याच्या खालून आत शिरतं. म्हणजे होडीतल्या माणसाला नदी गोडी वाटते तेव्हा तळाच्या चिखलात बसलेल्या कुर्लीच्या अंगावरून दिवसातून दोनदा खारं, दोनदा गोडं असं पाणी जात असू शकतं. वर ऊन पडलं की उथळ चिखल तापतो. बिळातल्या पाण्यात प्राणवायू तोकडा. पुस्तकात या सगळ्याला मिळून 'पर्यावरणीय ताण' असा एक कोरडा शब्द आहे. कुर्लीसाठी तो साधा जून महिना आहे.

बेदाणा रात्रभर भिजत घातला की सकाळी टम्म फुगतो. आत क्षार आणि साखरा दाट, बाहेर पाणी पातळ, म्हणून पाणी आत शिरतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर कुर्लीची गत त्या बेदाण्याची. तिचं रक्त मे महिन्यात समुद्राइतकं खारट होतं, आता बाहेर गोडं. पाणी आत घुसणार, मीठ बाहेर पळणार. तुम्ही म्हणाल, तिला एवढं दगडासारखं कवच आहे ना? मलाही तसंच वाटायचं. आपण खेकड्याकडे बघतो ते कवचाकडे बघतो. पण श्वास घ्यायचा तर कुठेतरी पातळ कातडी पाण्याला लावावीच लागते, आणि ती जागा म्हणजे कवचाच्या कडेखाली दडलेले कल्ले. किल्ल्याच्या तटाला तोफ लागत नाही, पण पाण्याची मोरी उघडी आहे. कुर्लीची सगळी लढाई त्या मोरीत चालते.

ते कल्ले तुम्ही पाहिलेले आहेत. कुर्ली साफ करताना वरची कवटी उचकटली की दोन्ही बाजूंना राखाडी, मऊ, पिसांसारखं जे काही दिसतं आणि जे आपण बोटाने खरवडून मांजरीला टाकतो, तेच. आजीच्या हातून असे हजारो कल्ले परसात गेले असतील. प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा ते भिंगाखाली धरले तेव्हा आमच्या बाईंनी पुढचे आणि मागचे वेगळे करायला सांगितले. मला वाटलं, उगाच छळतायत. पण फरक खरोखरच असतो. पुढच्या कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ, ती श्वासासाठी. मागच्यांची कितीतरी पट जाड, आणि त्या जाड पेशी ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांनी खच्चून भरलेल्या. त्यांचं काम पाण्यात जे थोडंथोडकं मीठ उरलं असेल ते उपसून रक्तात ओढणं. मीठ दाट असलेल्या बाजूकडे मीठ ढकलायचं, म्हणजे उतारावरचं पाणी चढावर न्यायचं. फुकट होत नाही ते.

हे उपसायचं यंत्र कुठे सापडलं माहीत आहे? खेकड्यातच. येन्स स्कौ नावाचा एक डॅनिश डॉक्टर, भूल देणारी औषधं नसांवर कशी काम करतात याच्या मागे लागला होता. आऱ्हुसच्या विद्यापीठात त्याने किनाऱ्यावरच्या साध्या हिरव्या खेकड्यांच्या पायांतल्या नसा काढून, वाटून, त्यांत सोडियम आणि पोटॅशियम घालून पाहिलं. दोन्ही एकत्र असले की त्या वाटणातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, झपाट्याने एटीपी, म्हणजे पेशीचं चलन, खर्च करू लागे. १९५७ साली त्याने ते छापलं. दर एका एटीपीमागे तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत: पेशीच्या भिंतीतला हा पंप माझ्यात आहे, तुमच्यात आहे, मांजरीत आहे आणि तिने खाल्लेल्या कल्ल्यांत तर ठासून आहे. स्कौला नोबेल मिळालं १९९७ मध्ये, चाळीस वर्षांनी. आमच्याकडेही कुर्लीचे पाय पाट्यावर वाटतात. फक्त आम्ही पुढे त्यात खोबरं घालतो.

प्रयोग माझा अगदी साधा होता. चार टब, चार खारटपणाचं पाणी, प्रत्येकात दोन कुर्ल्या. दर काही दिवसांनी शेवटच्या पायाच्या सांध्यातल्या मऊ पडद्यातून सुईने थेंबभर रक्त काढायचं. खेकड्याचं रक्त लाल नसतं. सुईत येतं तेव्हा ते जवळजवळ बिनरंगी, तांदळाच्या धुवणासारखं. हवा लागली की हळूहळू निळसर होतं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं आहे. मला तो निळा रंग चढताना बघायचं इतकं वेड लागलं होतं की मी कधीकधी मोजणी विसरायचे.

मोजणीतून जे दिसलं ते नवं नव्हतं, पाठ्यपुस्तकात होतंच. समुद्राच्या पाण्यात कुर्ली काही करत नाही. रक्त बाहेरच्या पाण्याइतकंच खारट. पाणी पातळ करत जा, थोडा वेळ रक्तही त्याच्याबरोबर पातळ होतं. मग एका टप्प्याला ती थांबते. बाहेर मीठ समुद्राच्या तिसऱ्या हिश्शावर आलं तरी तिचं रक्त त्याच्या दुपटीच्या आसपास खारट. म्हणजे सोडायचं तेवढं तिने सोडलं आणि उरलेलं धरून ठेवलं. पंप काही एका रात्रीत वाढत नाहीत, त्याला दिवस लागतात. म्हणून हळूहळू गोडं होत जाणारं पाणी तिला झेपतं. एकाच दुपारी झालं तर तारांबळ उडते.

एक कुर्ली माझ्या हातून मेली. पाणी पातळ करताना मी नळाचं पाणी थेट ओतलं, रात्रभर उघडं ठेवून त्यातलं क्लोरीन जाऊ द्यायचं विसरले. सकाळी ती टबच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन पडलेली. वहीत मी 'क्षारतेचा ताण' असं कारण लिहिलं होतं. ते खोडून 'माझी चूक' लिहिलं.

आता तिच्या मूत्रपिंडांबद्दल. ती तिच्या मिशांच्या बुडाशी, डोळ्यांजवळ असतात. म्हणजे कुर्लीची लघवी चेहऱ्यावरून होते. हसून घ्या. खरी अडचण पुढे आहे. आपली मूत्रपिंडं पाणी फेकतात पण मीठ लागेल तसं राखून ठेवतात. कुर्लीला ते जमत नाही. तिचं मूत्र तिच्या रक्ताइतकंच खारट. आत घुसलेलं पाणी बाहेर टाकायला ती लघवी करते, आणि दरवेळी त्याबरोबर मीठही जातं. मामाच्या जुन्या होडीला तळाशी फट होती. नारळाच्या करवंटीने तो पाणी उपसायचा आणि घाईत करवंटीबरोबर एखादा झिंगा-सुंगटही पाण्यात जायचं. तसंच. म्हणून मागच्या कल्ल्यांना दुप्पट काम: कातडीतून गळालेलं मीठही भरायचं आणि मूत्राबरोबर गेलेलंही.

घाटाखालच्या शेतात, बांधाच्या बिळांत जे काळे मुठे मिळतात, त्यांच्या पूर्वजांनी कधीतरी हे सगळं वेगळ्या तऱ्हेने मिटवलं. त्यांचं रक्तच कमी खारट, म्हणजे गळतीही कमी. शिवाय त्यांची पिल्लं आईच्या पोटाखालच्या झापेतच इवलाली खेकडी होऊन बाहेर पडतात, त्यांना समुद्र बघावा लागत नाही. कुर्लीच्या पिल्लांना मात्र खारं पाणीच हवं. अळीच्या अवस्थेत त्यांच्याकडे गोड्या पाण्याशी भांडायची ताकद नसते. म्हणून लाख, म्हणजे पोटात अंडी, भरलेली मादी खाडी सोडून समुद्रात जाते, तिथे अंडी सोडते, आणि पिल्लं काही आठवड्यांनी भरतीच्या पाण्यातून पुन्हा खाडीत येतात. सगळ्या पावसाळ्यात सासरी निभावून बाळंतपणाला माहेरी, असंच हे. (आणि हो, आम्ही तिला नेमकं लाख भरल्यावरच पकडतो आणि चढ्या भावाने विकतो. मीही आवडीने खाते. उगाच साळसूदपणा नको.)

आता आजीचं वाक्य.

रक्त सांभाळलं तरी ते पूर्वीइतकं खारट राहत नाही हे वर आलंच. मग त्या रक्तात बुडालेल्या स्नायूंच्या पेशींचं काय? आतून त्या पूर्वीच्याच दाट, बाहेर रक्त पातळ, पुन्हा बेदाणा. पेशी फुगून फुटू नये म्हणून तिला आतला दाटपणा कमी करावा लागतो. आणि कुर्लीच्या मांसातला दाटपणा बराचसा मिठाचा नसतोच, तो असतो सुट्या अमिनो आम्लांचा: ग्लायसीन, ॲलनीन, प्रोलीन. खाऱ्या पाण्यात ती त्यांचा साठा करते. पाणी गोडं झालं की तो साठा मोडते, त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन कल्ल्यांतून निघून जातो.

ग्लायसीन हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून पडलं त्याचा अर्थ 'गोड'. जिभेवर ते गोड लागतंच. ताज्या, खाऱ्या पाण्यातल्या कुर्लीच्या डेंग्यात, म्हणजे नांगीत, जी गोडी असते, जिच्यासाठी आपण दातांनी कवच फोडतो, तिच्यात मोठा वाटा या सुट्या अमिनो आम्लांचा. पावसात कुर्ली ती उधळते, कारण न उधळली तर पेशी फुटतील. गोड्या पाण्यात गोडी जाते. आजीच्या जिभेला हे कळत होतं, आणि मी चार टब मांडून, सुया टोचून, एक कुर्ली मारून तिथे पोहोचले.

मी हे आमच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रबंधात आजी घालू नकोस."

दादरच्या मावशीकडे कुर्ल्या जायच्या कोकणकन्येने. कुडाळला संध्याकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळून टोपलीत, वर करंजाचा पाला, पहाटे दादरला जिवंत. मावशीला त्यांची दया यायची. "रात्रभर पाण्याविना राहिल्या गं बिचाऱ्या," म्हणत ती त्यांना बादलीभर पाण्यात सोडायची आणि दुपारपर्यंत निम्म्या मरायच्या. तिला वाटे प्रवासाने मेल्या. मेल्या त्या बादलीने. ओल्या गोणपाटात कुर्ली कल्ल्यांच्या पोकळीत थोडं पाणी धरून असते आणि त्यातून हवा खेळवते. तोंडाशी बुडबुडे येतात ते त्याचेच. दमलेल्या माणसाच्या तोंडाला फेस येतो असं आपण म्हणतो, पण कुर्लीचा फेस श्वास चालू असल्याची खूण आहे. बादलीतल्या साचलेल्या पाण्यातला प्राणवायू मात्र तासाभरात संपतो, आणि चार जणी मिळून तो संपवतात.

श्वास कमी पडला की आपल्यासारखंच तिच्या अंगातही लॅक्टिक आम्ल साचतं, ज्याने धावल्यावर आपल्या पोटऱ्या भरून येतात असं म्हणतात तेच. आम्ल वाढलं की रक्ताची प्राणवायू धरायची ताकद घटते. पण खेकड्याच्या त्या निळ्या रक्तात एक गंमत आहे: लॅक्टेट स्वतःच त्या तांबट प्रथिनाला चिकटून त्याची पकड घट्ट करतं. घुसमट झाली की घुसमटीतून निघालेला कचराच मदतीला येतो. निसर्गातल्या शहाणपणाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. निसर्गात भोंगळ कारभारही भरपूर आहे, ते मूत्रपिंडांवरून दिसलंच. पण हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले होते.

आणखी एक. संकट आलं की कुर्लीच्या रक्तातली साखर वाढते. ती वाढवणारं संप्रेरक डोळ्याच्या देठातून येतं. त्याच देठात कात कधी टाकायची नाही हे ठरवणारंही असतं. कोळंबीच्या बीजकेंद्रांत माद्यांनी लवकर अंडी द्यावीत म्हणून एक डोळ्याचा देठ कापतात, कारण अंडी पिकणं रोखणारं संप्रेरकही त्याच देठात असतं. मामाला मधुमेह निघाला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "माझे डोळे कापू नको म्हणजे झाला."

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आजीचं हृदय थकलं. पाय सुजायचे, दम लागायचा. डॉक्टरांनी जेवणातलं मीठ जवळजवळ बंद केलं आणि एक पांढरी बारीकशी गोळी दिली, आठवड्यातून पाच दिवस, शनिवार-रविवार सोडून. डिगॉक्सिन. मी चिठ्ठी वाचली आणि हसू आलं. ही गोळी हृदयाच्या पेशींत जाऊन नेमका तोच पंप थोडासा अडवते, स्कौने खेकड्याच्या नसांत शोधलेला. पंप मंदावला की पेशीत सोडियम साचतं, त्यामागून कॅल्शियम, आणि थकलेला स्नायू जरा जोराने आकसतो.

जूनचा दुसरा आठवडा होता. मी तिच्या खाटेशी बसून हे सगळं सांगत होते, कल्ले, मीठ, पंप, गोळी. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. मग म्हणाली, "म्हणजे कुर्लेचा औषध माका देतत?"

"औषध कुर्लीचं नाही गं. पंप कुर्लीत सापडला."

"तिका मीठ कमी पडता, नि माझा डॉक्टरान काढून घेतला," ती म्हणाली. मग डबी हातात घेऊन विचारलं, "आज काय वार?"

"शनिवार."

तिने डबी परत उशाशी ठेवली.

मामा त्या दिवशी खाडीवर गेला होता. कुर्ल्या घेऊन आला, सवयीने पडवीत थबकला, पण आतून आवाज आला नाही. मामीने आजीपुरतं कालवण आधी काढून घेतलं आणि मग उरलेल्यात मीठ घातलं. खाटेवरच टेकून बसवून मी तिला एक डेंगा फोडून दिला. तिने मांस ओढून घेतलं, बराच वेळ तोंडात घोळवलं.

"पांचट," ती म्हणाली.

"मीठ नाय गे त्यात, आये," मामा दारातून म्हणाला.

"मीठ नाय ता माका कळता," आजी म्हणाली. "मी कुर्लेचा सांगतंय."